पाण्याखाली फोटो काढायचेत? कॅमेरा सगळ्यात शेवटी निवडा

या भागात जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून खाली दिलंय. बोलताना आलेले "अं" आणि "ते काय म्हणतात" तेवढे काढलेत.

तर झालं असं, की एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. ओपन वॉटर कोर्स नुकताच झालाय, डिसेंबरात अंदमानला जायचंय, त्याआधी एखादा वीकेंड मालवणला. घरात मिररलेस कॅमेरा आहे, सोबत आलेल्या किट लेन्ससकट. त्याचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत बंद करून पाण्यात न्यायची पेटी, बघायला गेला तर पेटीच कॅमेऱ्यापेक्षा महाग निघाली. शेवटी विचारतो, "दादा, ईएमआयवर घेऊ का?"

नको रे बाबा. निदान आत्ता तरी नको. पण नुसतं नको म्हणून भागणार नाही, कारण पाण्यात नेमकं काय होतं ते कळलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

पहिली गोष्ट, रंग. पाणी प्रकाश गिळतं, आणि सगळ्यात आधी लाल गिळतं. पाचेक मीटर खाली गेलात की लाल बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा. कपाळावरची लालभडक टिकली दहा मीटरवर काळपट दिसते. यात एक मेख आहे. फक्त तुम्ही किती खोल आहात हे मोजून चालत नाही, प्रकाशाचा सगळा प्रवास मोजायचा. तुम्ही आठ मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून दोन मीटर लांब आहे, तर सूर्याचा प्रकाश आठ मीटर खाली आला आणि तिथून आणखी दोन मीटर तुमच्या लेन्सपर्यंत. झाले दहा. कॅमेरा दोन लाखांचा असला तरी जो रंग लेन्सपर्यंत पोचलाच नाही तो आणणार कुठून?

दुसरी गोष्ट, गढूळपणा. मालवणचं पाणी अंदमानसारखं नाही, हे तिथे उतरलेल्या कुणालाही माहितीय. किनारा जवळ, खाड्यांचा गाळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याला हिरवट झाक. गोव्यात ग्रांद बेटाजवळही बऱ्याचदा तसंच. अशा पाण्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उडवला की फोटोभर पांढरे ठिपके. याला बॅकस्कॅटर म्हणतात. आंबोली घाटात धुक्यात गाडीचा हाय बीम लावला की काय होतं? समोरचा रस्ता जातो आणि नुसती पांढरी भिंत उरते. हे तेच. लेन्स आणि तुमचा विषय यांच्यामधले कण उजळतात.

तिसरी गोष्ट थोडी फिजिक्सची आहे, पण पैशाशी थेट संबंध आहे म्हणून सांगतो. पेटीच्या पुढे सपाट काच असेल, म्हणजे फ्लॅट पोर्ट, तर पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर आहे असं वाटतं. मास्कमधून डोळ्यांनाही तसंच दिसतं, म्हणून तर वर आल्यावर प्रत्येकाचा मासा "एवढा मोठा" असतो (हसतो). कॅमेऱ्याच्या बाबतीत परिणाम असा, की तुमची वाइड लेन्स तेवढी वाइड राहत नाही. २४ मिमीची लेन्स साधारण ३२ सारखी वागते. ते टाळायचं तर पुढे घुमटासारखी काच लागते, डोम पोर्ट. तो वेगळा विकत घ्यायचा, आणि लेन्स बदलली की बऱ्याचदा पोर्टही बदलायचा. किट लेन्ससाठी हाउसिंग घेऊन मोकळं झालो असं होत नाही, ते इथे लक्षात येतं.

या तिन्हींवर उपाय एकच: जवळ जा. तुमच्या आणि विषयाच्या मधलं पाणी कमी करा. एक मीटरच्या आत, छोटा जीव असेल तर वीतभर. त्यामुळे सेटअप निवडताना मी मेगापिक्सेल विचारत नाही. हा कॅमेरा मला किती जवळून फोटो काढू देतो, हे विचारतो.

आता एकेक बघू. फोनपासून सुरुवात, कारण तो सगळ्यांकडे आहे. आयपी ६८ लिहिलंय म्हणून फोन घेऊन डाइव्हला जाऊ नका. अलीकडच्या आयफोनचा दावा सहा मीटर आणि ३० मिनिटांचा आहे, सॅमसंगच्या बऱ्याच गॅलेक्सी फोनचा दीड मीटरचा. आणि त्या चाचण्या प्रयोगशाळेतल्या गोड्या, शांत पाण्यातल्या. समुद्रात मीठ आहे, लाट आहे, तुम्ही हातपाय मारताय. पाणी शिरलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही. शिवाय ओल्या टचस्क्रीनला बोट कुठलं आणि पाणी कुठलं ते कळत नाही. गळ्यात लटकवायची प्लास्टिकची पिशवी बोटीवर ठीक, फार तर स्नॉर्केलिंगला, तेही फोनचा मोह सोडून. फोनसाठी खरी डाइव्हिंग हाउसिंग मिळतात आणि ती वाईट नाहीत. पण मग त्याच पेटीत तुमची बँक, तिकिटं, आईचे फोटो, सगळंच खाली जातंय. माझी तरी हिंमत होत नाही.

ॲक्शन कॅमेरा. गोप्रोचे हिरो १२, हिरो १३ हे हाउसिंगशिवाय १० मीटर, त्यांच्या डाइव्ह हाउसिंगमध्ये ६० मीटर. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो तसाच २० मीटरपर्यंत जातो. लहान, हातात अडचण नाही, व्हिडिओ मस्त. कासव, माशांचा थवा, सोबतचे डाइव्हर यांच्यासाठी उत्तम. पण फार जवळ नेला तर फोकस नाही आणि लांबून मासा मुंगीएवढा. निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावला तर रंग सुधारतात, हिरव्या पाण्यात मॅजेंटा लागतो. मात्र फिल्टर प्रकाश कमीच करतो, आणि टॉर्च लावणार असाल तर फिल्टर काढा.

मला ज्याच्यावर जास्त बोलायचंय तो हा: टफ कॉम्पॅक्ट. ऑलिम्पसचा टीजी-६ आणि त्यानंतर २०२३ मध्ये आलेला टीजी-७. सेन्सर लहान, १२ मेगापिक्सेल. कागदावर बघितलं तर फोनपुढे गरीब वाटतो. पण त्याचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो. एक सेंटिमीटर! मालवणच्या गढूळ पाण्यात लांबचं काहीच धड दिसत नाही, तिथे खडकावरचा न्यूडीब्रँक, म्हणजे शंख नसलेली ती रंगीत समुद्री गोगलगाय, हा कॅमेरा सुंदर टिपतो, कारण मध्ये गढूळ व्हायला पाणीच उरत नाही. रॉ फाइलही मिळते, म्हणजे घरी येऊन रंग दुरुस्त करायला जागा राहते.

एक हिशेब मात्र करा. हा कॅमेरा नुसता १५ मीटरपर्यंत चालतो, आणि ओपन वॉटर कोर्सने तुम्हाला १८ मीटरपर्यंत परवानगी दिलीय. त्या तीन मीटरांत कॅमेरा जातो. त्याचं हाउसिंग ४५ मीटरचं आहे. डाइव्हसाठी ते घ्याच, निदान भाड्याने.

आणि मिररलेस? फोटो अर्थातच सरस. पण हाउसिंग साधारणपणे एकाच मॉडेलचं असतं. उद्या बॉडी बदलली की पेटी घरी शोकेसमध्ये. त्यावर पोर्ट, त्यावर स्ट्रोब, म्हणजे बाहेर दांड्यांवर बसवायचे फ्लॅश. ते लेन्सपासून लांब, बाजूला ठेवतात ते याच कारणाने की मधले कण उजळू नयेत. स्ट्रोबचा प्रकाशही जाऊन परत येतो, त्यामुळे मीटर-दीड मीटरच्या पलीकडे त्याचा फार उपयोग नाही. थोडक्यात, बजेटचे तीन भाग धरा: कॅमेरा, पेटी, लाइट. लाइटला काही उरत नसेल तर कॅमेरा एक पायरी खाली आणा. नवख्याला एक चांगला टॉर्च पुष्कळ शिकवतो.

आता श्रोत्याला खरं "नको" म्हणण्याचं कारण. कोर्स नुकताच झालाय. पाण्यात न वरती न खाली, एका जागी स्थिर राहणं अजून अंगात आलेलं नाही. हातात तीन-चार किलोची पेटी आली की लक्ष स्क्रीनवर, आणि हवेचा काटा, खोली, सोबती तिन्ही विसरायला होतं. अपघात असेच होतात. दुसरं, फोटोसाठी गुडघा टेकवायला माणूस प्रवाळावर बसतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. तो मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला वर्षं जातात. फोटोसाठी हात टेकवावा लागत असेल तर तो फोटो सोडून द्या.

म्हणून भाऊ, मालवणला पहिल्या दोन डाइव्ह रिकाम्या हातांनी कर. अंदमानला स्वराज द्वीपला जाणार असशील तर डाइव्ह सेंटरला आधीच विचार, अनेक ठिकाणी कॅमेरा भाड्याने मिळतो. टफ कॉम्पॅक्ट मागून बघ. दर चार-पाच फोटोंनी हवेचा काटा बघायची सवय तिथेच लाव.

आणि पेटी कुणाचीही असो, भाड्याची असली तरी, ओ-रिंग स्वतः तपास. ती रबरी कडी पाणी अडवते, आणि एक केस किंवा वाळूचा एक कण तिला पुरतो. ग्रीस कंपनीने दिलेलंच, तेही नुसती चमक येईल इतकं. ग्रीस पाणी अडवत नाही, फक्त रबर नीट बसवतं. पेटी बोटीवर दमट हवेत बंद करू नकोस, खोलीत कोरड्या हवेत कर, नाहीतर खाली गार पाण्यात काच आतून धुरकटते. आत सिलिका जेलची ताजी पुडी टाक. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून सगळी बटणं दाबून घे, मीठ तिथेच बसतं.

पहिल्यांदा पेटी खाली नेशील तेव्हा कॅमेरा बाहेर ठेव. आत फक्त एक कोरडा टिश्यू पेपर. डाइव्ह करून ये, उघड, टिश्यू हाताला लावून बघ. कोरडा असेल तर पुढच्या डाइव्हला कॅमेरा आत.