‘स्वभावच तसा आहे’ म्हणण्याआधी

‘मी तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही.’ हे वाक्य आपल्या घरांत जवळजवळ अभिमानानं बोललं जातं. बोलणाऱ्याचं मन खरोखर मोकळं झालेलं असतं. ज्याच्यावर आवाज चढला, त्याच्या मनात मात्र ते राहतं, आणि नेमकं तेच बोलणाऱ्याला दिसत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये हे अगदी साध्या पद्धतीनं तपासलं. त्यांनी लोकांना दोन प्रसंग लिहायला सांगितले. एक, तुम्हाला कुणी संताप आणला तो. दुसरा, तुमच्यामुळे कुणी संतापलं तो. लिहिणारी माणसं तीच होती. तरी दुखावले गेल्याचा प्रसंग लिहिताना त्यांना तो मोठा, अकारण घडलेला आणि अजूनही परिणाम न संपलेला वाटला. दुसऱ्याला दुखावल्याचा प्रसंग लिहिताना मात्र त्यांच्याकडे कारण होतं, परिस्थिती होती आणि विषय कधीच मिटलेला होता. वाईट माणसं एका बाजूला आणि भली माणसं दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी तिथे नव्हतीच. जागा बदलली की हिशेब बदलतो, आणि तो सगळ्यांचाच बदलतो.

म्हणून ‘मी त्रासदायक आहे का?’ असं स्वतःला विचारून फारसं काही हाती लागत नाही. आजूबाजूची माणसं काय करतात ते बघावं. आपण घरात शिरलो की चाललेल्या गप्पा थांबतात का? मुलं कमी मार्क आधी दुसऱ्या कुणाला सांगतात का? बायको एखादी गोष्ट सांगण्याआधी ‘चिडू नका हं’ म्हणते का? ऑफिसात हाताखालची माणसं चूक शेवटच्या क्षणापर्यंत लपवतात का? ही उत्तरं ‘हो’ येत असतील, तर माणसं आपल्याला सांभाळून जगायला शिकली आहेत. त्याला आदर समजण्याची चूक अनेक कर्ते पुरुष आणि तितक्याच कर्त्या स्त्रिया आयुष्यभर करतात.

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे: राग बाहेर पडलेला बरा, दाबून ठेवला तर कुकरसारखा फुटेल. प्रयोगांनी याला आधार दिलेला नाही. संशोधक ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 600 विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चीड आणली. मग काहींनी, ज्याच्यामुळे चीड आली त्याचाच विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारले. काहींनी व्यायाम म्हणून ठोसे मारले, तर काही नुसते शांत बसून राहिले. सर्वात जास्त राग पहिल्या गटात उरला. जे काहीच न करता बसले होते, त्यांचं वागणं सर्वात कमी आक्रमक निघालं. पुढे 2024 मध्ये बुशमन यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर 154 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 10,000 हून जास्त माणसांची माहिती होती. दीर्घ श्वसन, ध्यान, योग, स्नायू सैल सोडणं अशा शरीराचा वेग उतरवणाऱ्या गोष्टींनी राग कमी झाला. वाफ काढण्यानं झाला नाही, आणि धावण्याच्या व्यायामानं तर उलट वाढण्याकडेच कल दिसला. ओरडल्यावर हलकं वाटतं, हे खरं. पण तेच पुढच्या वेळी पुन्हा ओरडायला शिकवतं.

‘आम्ही ओरडत नाही, आम्ही गप्प बसतो’ म्हणणाऱ्यांनीही इथे थांबून पाहावं. चार-चार दिवसांचा अबोला, ताट आपटून वाढणं, मुलांमार्फत निरोप देणं हा संयम नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी माणसाला वाळीत टाकण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या प्रयोगात संगणकावरच्या चेंडूच्या खेळात काही मिनिटं चेंडू मिळाला नाही, एवढ्यानंही माणसांना आपण नकोसे झाल्यासारखं वाटलं. मग एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसानं आपण दिसतच नाही असं वागावं, ते किती खोल जात असेल! मात्र भांडण तापल्यावर बाजूला होणं वेगळं. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं ऐकूनच घेता येत नाही. अशा वेळी निदान 20 मिनिटं थांबावं. ‘मला आत्ता नीट बोलता येणार नाही, जेवण झाल्यावर बोलू’ असं सांगून उठणारा माणूस परत येणार असतो. अबोला धरणारा समोरच्याला शिक्षा देत असतो. गॉटमन यांच्या निरीक्षणात संसार मोडण्याचं सर्वात मोठं लक्षण भांडण नव्हे, तर तुच्छता आहे: नक्कल करणं, डोळे फिरवणं, चारचौघांत टोमणा मारून ‘गंमत केली’ म्हणणं. आपल्याकडे ही गंमत लग्नाच्या पंगतीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत चालते, आणि तिच्यावर हसणारेही त्यात सामील असतात.

आता ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण. तिच्या आडोशाला माणसं पन्नास-पन्नास वर्षं बसून राहिली आहेत. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये, मानसोपचारासारख्या उपायांनी स्वभाव बदलतो का हे तपासणाऱ्या 207 अभ्यासांचा आढावा घेतला. उपचार सरासरी 24 आठवडे चालले होते आणि तेवढ्यात स्वभावात मोजता येईल असा बदल झाला. सर्वाधिक बदल भावनिक स्थैर्यात दिसला. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते, की राग प्रसंगातून थेट येत नाही. ‘त्यानं माझं ऐकलंच पाहिजे’ या आपल्या मागणीतून तो येतो. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी हा विचार मराठी वाचकांपर्यंत आणला. ‘त्यानं ऐकलं तर मला आवडेल’ इथपर्यंत येता आलं, तर नाराजी उरते, पण थयथयाट उरत नाही.

‘उद्यापासून चिडणार नाही’ हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात करायचं काय तेच ठरलेलं नसतं. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार ‘अमुक घडलं, की मी तमुक करीन’ असं नेमकं ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. उदाहरणार्थ, मुलानं अभ्यास अर्धवट सोडून पुस्तक मिटलं, की आधी पाणी प्यायचं आणि मग बोलायचं. एकच प्रसंग, एकच कृती. एखाद्या दिवशी घसरलो तर सगळं वाया गेलं, असंही मानू नये. लंडनमध्ये खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींवर झालेल्या अभ्यासात सवय लागायला 18 ते 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही.

माफीबद्दलही एक समजूत सोडायला हवी. ‘सॉरी म्हटलं ना, आता संपव’ ही माफी नाही, हुकूम आहे. रॉय लेविकी यांनी 2016 मध्ये माफीचे घटक वेगवेगळे करून तपासले, तेव्हा ‘चूक माझी होती’ हे कबूल करणं सर्वात मोलाचं ठरलं आणि ‘मला माफ कर’ ही विनंती सर्वात कमी. ‘मी तसाच नालायक’ म्हणत स्वतःला झोडपण्याचाही उपयोग नाही. जून टँगनी यांच्या संशोधनात दिसतं, की केलेल्या कृतीची खंत माणसाला दुरुस्तीकडे नेते, तर स्वतःविषयीची शरम त्याला लपायला किंवा उलट दुसऱ्यावर खापर फोडायला लावते. शिवाय आपण नालायक म्हणत बसलो, की ज्याला दुखावलं त्यालाच आपली समजूत काढावी लागते.

हात उगारला जात असेल, पैसे अडवले जात असतील, घरातलं कुणी भीतीनं जगत असेल, तर गोष्ट स्वभावसुधारणेपुरती राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाच्या 2005 च्या कायद्यात अपमान, शिवीगाळ आणि आर्थिक कोंडी यांनाही हिंसाच म्हटलं आहे. तिथे त्रास सोसणाऱ्या व्यक्तीची सुरक्षितता आधी. आपली सुधारणा नंतर. आणि एकट्यानं जमत नसेल तर समुपदेशकाकडे जावं. सरकारची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे. ज्याला त्रास होतो त्याच्याइतकाच तो क्रमांक, ज्याच्यामुळे त्रास होतो त्याच्यासाठीही आहे. संकोच न करता फोन लावा.