मोटारीचा पुढील भाग आणखी खाली घेताना

बडोदे शहराला यंत्रविद्येची जुनी परंपरा आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवनाची स्थापना केली व कारागिरीला शास्त्राची जोड दिली. याच संस्थेतून पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखा आकाराला आली. शहराजवळील हालोल येथे १९९६ पासून मोटारी तयार होऊ लागल्या. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले. मोटारीविषयी असे प्रेम असलेल्या शहरात आपली गाडी इतरांपेक्षा वेगळी दिसावी, असे तरुणांना वाटले तर त्यात नवल नाही.

गाडीचा पुढील भाग जमिनीलगत आणणे हा या हौसेचाच एक प्रकार होय. त्यासाठी ‘कॉइलओव्हर’ नावाची जोडणी बसविण्यात येते. एकदा गाडी खाली आली की ती आणखी थोडी खाली यावी, अशी इच्छा होते. ही इच्छा कोठवर पुरवावी आणि कोठे थांबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुख्य मुद्दा एवढाच, की गाडी खाली घेतलेला प्रत्येक मिलिमीटर कोठून तरी वजा होतो. तो कोठून वजा होतो हे ठाऊक असल्याशिवाय पाना हाती घेऊ नये.

स्प्रिंग व शॉकअप यांचे कार्य

बैलगाडीचा आस साटीला थेट जोडलेला असतो. त्यामुळे प्रत्येक दगडाचा धक्का बसणाऱ्याला लागतो. टांग्याला पोलादी पाटे आले आणि धक्का पुष्कळसा सौम्य झाला. मोटारीत हे काम बहुधा वेटोळ्याची स्प्रिंग करते. मात्र एकदा दबलेली स्प्रिंग बराच वेळ वरखाली होत राहते; हे हेलकावे शमविण्यासाठी शॉकअप असतो. आपल्याकडे १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० गाडीत पुढील चाकांजवळ स्प्रिंग व शॉकअप एकाच उभ्या खांबात बसविलेले होते. मॅकफर्सन नावाच्या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना आज बहुतेक लहान मोटारींत आढळते.

कॉइलओव्हर म्हणजे याच खांबाचा कमीअधिक करता येणारा प्रकार. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंग टेकते. कडे खाली फिरविले की स्प्रिंगची बैठक खाली जाते आणि गाडीही खाली येते. जुन्या अ‍ॅम्बॅसॅडर गाडीत स्प्रिंगऐवजी पिळाच्या सळया होत्या व त्यांचा पीळ बदलून पुढील उंची लावता येत असे. उंची बदलण्याची कल्पना म्हणूनच सर्वस्वी नवी नाही.

आणखी खाली घेण्याचे दोन मार्ग

कडे तळापर्यंत फिरवूनही गाडी हवी तितकी खाली आली नाही, तर दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग अधिक आखूड स्प्रिंग बसविण्याचा. दुसरा मार्ग खांबाची लांबीच कमी करण्याचा. काही कॉइलओव्हरमध्ये शॉकअपची नळी खालच्या पकडीत आट्यांनी बसविलेली असते. ती आत फिरविली की संपूर्ण खांब आखूड होतो. या दोन मार्गांत महत्त्वाचा फरक आहे. पहिल्या मार्गात शॉकअपचा दांडा नळीत अधिक शिरतो आणि त्याची दबण्याची जागा कमी होते. दुसऱ्या मार्गात दांड्याची जागा बदलत नाही. मात्र टायर व मडगार्ड यांतील अंतर घटते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, पुढील प्रत्येक चाकावर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग दर २ किलोला १ मिलिमीटर दबते. खांबाला आणखी ७० मिलिमीटर दबण्यास वाव असेल, तर १४० किलोंचा जादा भार तो सहज पेलील. आता गाडी स्प्रिंगच्या बाजूने ३० मिलिमीटर खाली घेतली, तर वाव ४० मिलिमीटर व जादा भार ८० किलो एवढाच उरतो. हजार किलो वजनाची लहान गाडी जोराने ब्रेक लावून थांबविली, तर मागचा भार पुढे येऊन प्रत्येक पुढील चाकावर सुमारे ७० किलोंची भर पडते. म्हणजे केवळ ब्रेक लावल्यानेच खांब तळाला टेकण्याच्या बेतात येतो. कॉइलओव्हरला ताठ स्प्रिंग देतात, याचे मुख्य कारण हे आहे.

ताठ स्प्रिंगनेही प्रश्न कायमचा सुटत नाही. स्प्रिंग ५ किलोला १ मिलिमीटर दबणारी घेतली आणि गाडी आणखी ३० मिलिमीटर खाली आणली, तर वाव अवघा १० मिलिमीटर राहतो. तो ५० किलोंतच संपतो. मग दांडा तळाच्या रबरी गादीवर आदळतो. ही आदळ वळणावर झाली, तर टायरची रस्त्यावरील पकड एकाएकी सुटू शकते.

मूळ स्प्रिंगची वेटोळी कापणे किंवा ती तापवून बसविणे हा स्वस्त उपाय कोणी सुचविल्यास तो सर्वथा टाळावा. तापविल्याने पोलादाचे पाणी उतरते. कापलेल्या स्प्रिंगचे टोक बैठकीवर नीट बसत नाही व चाक खड्ड्यात लोंबकळताच स्प्रिंग जागेवरून निसटण्याचा संभव असतो. आखूड स्प्रिंग लोंबकळताना सैल पडू नये म्हणून तिच्यासोबत एक लहान मऊ साहाय्यक स्प्रिंग देतात. थोडी उंची वाचावी म्हणून ती काढून टाकणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

चाकांच्या मांडणीतील बदल

चाक खालच्या आडव्या आर्मने गाडीच्या सांगाड्याशी जोडलेले असते. मूळ उंचीला हा आर्म बाहेरच्या टोकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो आणि पुढे त्याचे बाहेरचे टोक वर चढते. अशा स्थितीत वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. परिणामी खाली बसलेली गाडी कमी कलेल, ही अपेक्षा फोल ठरते. कल रोखण्याचे सारे काम ताठ स्प्रिंगवर पडते.

स्टिअरिंगचा टाय रॉड व हा आर्म यांचे कोन एकमेकांशी जुळेनासे झाले, तर चाक खड्ड्यात वरखाली होताना आपोआप डावी-उजवीकडे वळू लागते. सुकाणू स्थिर धरूनही गाडी भरकटते. टायरची आतली कड झपाट्याने झिजते. अ‍ॅक्सलच्या सांध्यांवर तिरका ताण येतो व त्यांची रबरी टोपणे लवकर फाटतात. म्हणून उंची बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घेणे अनिवार्य समजावे.

दिव्यांचा प्रश्न

या कामात दिव्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुढील दिवे जमिनीपासून ६५० मिलिमीटर उंच असतील आणि त्यांचा खालचा झोत शंभरास एक या प्रमाणात उतरता असेल, तर तो ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. आता गाडीचा फक्त पुढील भाग ४० मिलिमीटर खाली घेतला व दोन्ही आसांतील अंतर २,४०० मिलिमीटर धरले, तर सबंध गाडी पुढे झुकते. झोताचा उतार शंभरास सुमारे पावणेतीन होतो आणि प्रकाश २२-२३ मीटरवरच संपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाचा एक सेकंदाचा विलंब धरता, थांबण्यास कोरड्या रस्त्यावरही सुमारे ३५ ते ४० मीटर घेते. म्हणजे चालकाला पुढे बैलगाडी दिसेल तेव्हा थांबण्याची वेळ टळून गेलेली असेल. गाडी पुढे-मागे सारखीच खाली घेतल्यास हा दोष फारसा उद्भवत नाही. तथापि दोन्ही प्रकारांत दिव्यांची दिशा पुन्हा लावून घ्यावी.

गतिरोधक व गावरस्ते

अहमदाबाद-बडोदे हा ९३ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सपाट आहे. परंतु डभोई, पादरा किंवा सावली तालुक्यांतील प्रत्येक गावाची वाट तशी नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मानकानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा. अशा पसरट उंचवट्यावर गाडीची दोन्ही चाके एकाच वेळी चढलेली असताना मधला फुगवटा ४ सेंटिमीटरच्या आसपास असतो. खाली घेतलेली गाडीही त्यावरून जाऊ शकते. परंतु तेवढ्याच उंचीचा, अवघा मीटरभर रुंद आणि उभट उंचवटा पुष्कळ ठिकाणी आढळतो. तेथे पूर्ण १० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. मूळची १७० मिलिमीटर उंची ६० मिलिमीटरने कमी केली आणि माणसे बसून ती आणखी १५ मिलिमीटर घटली, तर ९५ मिलिमीटर उरतात. इंजिनाचे तेलपात्र किंवा एक्झॉस्टचा पाइप घासल्यावाचून राहणार नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हेच तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यास्तव साहित्य विकत घेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. विमा कंपनीलाही बदलाची लेखी माहिती द्यावी.

काम करताना

रीतसर अनुमती असलेल्या बदलाचे किंवा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरील गाडीचे काम असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. भक्कम स्टँड लावावेत. आट्यांवरील चिखल व गंज काढून मगच कडे फिरवावे. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात आणि एका वेळी ५ मिलिमीटरहून अधिक बदलू नयेत. नंतर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजावे. आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असतानाच अखेरचे आवळावेत, अन्यथा रबर पिळले जाऊन लवकर फाटते. सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून टायर व ब्रेकची नळी कोठे घासत नाहीत ना, हे पाहावे.

दबण्याची जागा, आर्मचा कोन, दिव्याचा झोत व जमिनीपासूनची उंची, या चारांपैकी एकाची जरी मर्यादा आली, तरी तेथेच थांबणे शहाणपणाचे ठरेल. शाळांतील विज्ञानशिक्षकांनी येथील गणिते मुलांकडून स्वतः करवून घ्यावीत. उद्या मोटार चालविणाऱ्या मुलाला आज फळ्यावर समजलेली ही वजाबाकी रस्त्यावर निश्चितच उपयोगी पडेल.