राखाडी कॅन्सस आणि माणकांचे बूट

एल. फ्रँक बॉम यांचं 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' १९०० साली शिकागोत प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या पानांवर कॅन्ससची जमीन राखाडी, घर राखाडी, काकाकाकूही राखाडी. १९३९ च्या चित्रपटातली ती विटकरी-भुरी सुरुवात आणि नंतर उसळणारे रंग, याचं बीज असं पुस्तकातच आहे. कथानायिका डोरोथी दार उघडते आणि समोर रंगीत ऑझ दिसतं, ते दृश्य मात्र निव्वळ स्टुडिओची हातचलाखी. घर आतून भुरं रंगवलं, भुऱ्या कपड्यांतल्या बदली मुलीनं दार ढकललं, ती बाजूला सरली आणि निळ्या चौकटीच्या फ्रॉकमधली ज्युडी गारलंड पुढे आली. या दृश्याचं सगळं चित्रण रंगीत फिल्मवरच झालेलं!

या झगमगाटाची किंमत नटांनी मोजली. टिनच्या माणसाच्या भूमिकेसाठी आधी निवडलेला बडी एब्सन ॲल्युमिनियमची पूड फुप्फुसात गेल्यानं इस्पितळात पोचला आणि भूमिका जॅक हेलीकडे गेली. दुष्ट चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन आगीच्या दृश्यात भाजल्या. चेहऱ्याला फासलेल्या हिरव्या रंगात तांबं होतं, ते जखमांवरून काढावं लागलं. दीडेक महिन्यानं त्या परतल्या, पण आगीजवळ जायला साफ नकार दिला. शहाणपणाच केला, कारण धुराच्या झाडूचं दृश्य करताना त्यांची बदली कलाकार जखमी झाली.

दिग्दर्शक तर एकामागून एक बदलले. पडद्यावर नाव लागलं ते व्हिक्टर फ्लेमिंग यांचं. तेही अर्ध्यातून 'गॉन विथ द विंड'कडे गेले आणि कॅन्ससचे प्रसंग किंग व्हिडॉर यांनी उरकले. 'ओव्हर द रेनबो' हे गाणं संथ वाटतं म्हणून कापायला निघाले होते. त्यालाच पुढे ऑस्कर मिळालं. एवढं करून पहिल्या प्रदर्शनात एमजीएम स्टुडिओला तोटाच झाला. चित्रपट घराघरांत पोचवला तो टीव्हीनं, ३ नोव्हेंबर १९५६ पासून. गंमत म्हणजे तेव्हा बहुतेकांचे संच कृष्णधवल, त्यामुळे दार उघडून ऑझ दिसलं काय नि न दिसलं काय, सारखंच!

त्याच वर्षी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपला. डोरोथी सगळ्यांची झाली, तिचे लाल बूट मात्र नाहीत. बॉमच्या गोष्टीत ते चांदीचे होते. टेक्निकलरमध्ये खुलून दिसावेत म्हणून पटकथाकार नोएल लँगली यांनी ते माणकांचे केले. म्हणून १९८५ च्या 'रिटर्न टू ऑझ'साठी डिस्नेला त्यांच्या वापराचे पैसे मोजावे लागले आणि २०२४ च्या 'विकेड'मध्ये बूट पुन्हा चंदेरी दिसले.

चित्रीकरणात वापरलेल्या मूळ जोडांपैकी एक २००५ साली गारलंडच्या जन्मगावच्या, मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या संग्रहालयातून चोरीला गेला. चोराला वाटलं, माणकं खरी आहेत. चोरीचा माल घेणाऱ्यानं ती नुसती काच असल्याचं सांगताच त्यानं दोन दिवसांत बूट दुसऱ्याच्या गळ्यात मारले. २०१८ मध्ये ते सापडले आणि डिसेंबर २०२४ च्या लिलावात त्यांची बोली गेली २ कोटी ८० लाख डॉलरवर.