पडदा एक, विंडो दहा: संगणकावरची गर्दी कशी आवराल?

छत्तीसगडमधले चरोदा रेल्वेच्या माणसांना माहीत आहे ते भिलाई मार्शलिंग यार्डामुळे. मुंबई–नागपूर–हावडा मार्गावर, दुर्ग आणि रायपूरच्या मध्ये हे गाव आहे. मार्शलिंग यार्डात मालगाड्या येतात, वॅगन वेगवेगळ्या रुळांवर लागतात, नवी गाडी तयार होते आणि पुढे निघते. तिथला साधा नियम असा, की कोणती गाडी कोणत्या रुळावर उभी आहे हे ठाऊक हवे आणि काम झाले की रूळ मोकळा व्हायला हवा.

घरच्या संगणकालाही हाच नियम लागू पडतो. मुलीचा प्रवेशअर्ज भरायचा म्हणून तुम्ही बसता. एका विंडोत अर्ज, दुसरीत गुणपत्रिका, तिसरीत फोटो लहान करण्याचे सॉफ्टवेअर, चौथीत बँक आणि कोपऱ्यात व्हॉट्सॲप. अर्ध्या तासात कुठे काय आहे तेच कळेनासे होते. मग बहिणीच्या अर्जाला भावाची गुणपत्रिका जोडली जाते किंवा फी दोनदा भरली जाते. मोबाइलवर बहुतेक वेळा एकच ॲप समोर असते, त्यामुळे ज्यांचा हात मोबाइलवर बसला आहे त्यांचा इथे जास्त गोंधळ होतो.

विंडो आल्या कुठून?

अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 1973 साली ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. टेबलावर कागद एकावर एक पडलेले असतात, तशा विंडो एकमेकींवर ठेवण्याची कल्पना त्याच केंद्रात रुजली. 1984 मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशने ती सामान्य ग्राहकांपर्यंत नेली. मायक्रोसॉफ्टच्या 1985 सालच्या पहिल्या विंडोजमध्ये मात्र विंडो एकमेकींवर ठेवता येत नसत, त्या फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसत. 1987 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर आल्या आणि त्यांच्यासोबत मागे दडलेली विंडो शोधण्याचे कामही आले. त्यावर उपाय म्हणून 1995 मध्ये खालची पट्टी, म्हणजे टास्कबार आला.

ही पाच बटणे हाताशी ठेवा

विंडोज असलेल्या संगणकावर एवढे जमले तरी निम्मी गर्दी आवरते:

- ऑल्ट + टॅब: उघड्या विंडोंमधून हवी ती निवडा. ऑल्ट दाबून ठेवा आणि टॅब एकेकदा दाबत जा.
- विंडोज + डावा किंवा उजवा बाण: विंडो अर्ध्या पडद्यावर बसते. एकीकडे गुणपत्रिका, दुसरीकडे अर्ज ठेवा. आकडे समोर बघून भरता येतात आणि चुका कमी होतात.
- विंडोज + डी: सगळे बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो. पुन्हा तेच दाबले की विंडो परत येतात.
- विंडोज + टॅब: सगळ्या विंडो एका नजरेत दिसतात. विंडोज 10 पासून इथेच नवा डेस्कटॉपही उघडता येतो. एकावर ऑफिसचे काम, दुसऱ्यावर घरचे असे वेगळे ठेवा.
- विंडोज + झेड: विंडोज 11 मध्ये पडद्याची विभागणी निवडता येते.

मॅकवर कंट्रोल आणि वरचा बाण दाबला की सगळ्या विंडो पसरून दिसतात.

एकाच सॉफ्टवेअरच्या अनेक विंडो

जुन्या एक्सेलमध्ये सगळ्या फाइली एकाच मोठ्या चौकटीच्या आत उघडत. 2013 च्या आवृत्तीपासून प्रत्येक फाइलला स्वतंत्र विंडो मिळाली. त्यामुळे दोन हिशेब शेजारी-शेजारी लावणे सोपे झाले. ‘व्ह्यू’ मेनूत ‘व्ह्यू साइड बाय साइड’ निवडा, दोन्ही तक्ते एकदम वर-खाली सरकतात. मागच्या आणि या महिन्याचा घरखर्च ताडून पाहायला ही सोय उत्तम. एकच लांबलचक फाइल दोन जागी पाहायची असेल तर त्याच मेनूतले ‘न्यू विंडो’ वापरा. फाइल एकच राहते, एकीकडे केलेला बदल दुसरीकडेही दिसतो.

दुकानाचा हिशेब टॅलीप्राइममध्ये असेल तर व्हाउचर अर्धे सोडून बाहेर पडू नका. ऑल्ट + जी दाबा, हवा तो अहवाल पाहा आणि परत त्याच व्हाउचरवर या.

फोटोच्या कामासाठी गिम्प वापरणाऱ्यांना पूर्वी हत्यारे एका विंडोत, चित्र दुसऱ्या विंडोत अशी कसरत करावी लागे. 2012 च्या 2.8 आवृत्तीत ‘सिंगल-विंडो मोड’ आला. गिम्प किंवा फोटोशॉपमध्ये अचानक सगळी हत्यारे गायब झाली तर घाबरू नका. बहुधा चुकून टॅब दाबले गेलेले असते. पुन्हा दाबा, परत येतील.

‘हँग झालाय’ म्हणण्याआधी

सॉफ्टवेअर कुठल्याच क्लिकला दाद देत नाही, नुसता ‘टण्ण’ आवाज येतो. अशा वेळी पुष्कळदा एखादी छोटी चौकट मागे दडून ‘सेव्ह करू का?’ विचारत असते. तिला उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो थांबून राहते. थेट वीज बंद केलीत तर केलेले काम जाईल. आधी ऑल्ट + टॅबने ती चौकट शोधा.

टास्कबारवर दिसते पण पडद्यावर येत नाही, अशीही एखादी विंडो असते. दुसरा मॉनिटर काढल्यावर असे होते. टास्कबारवरून ती निवडा, मग विंडोज + वरचा बाण दाबून पाहा.

पैसे आणि पासवर्ड असतील तेव्हा

इथे मात्र शिस्त हवीच. पैसे भरताना बाकीचे टॅब बंद करा. बँकेची विंडो चालू असताना मागे जाऊ नका, रिफ्रेश करू नका. पावती दिसली नाही तर पुन्हा भरण्याआधी खात्यातून रक्कम गेली का ते तपासा.

सायबर कॅफेत किंवा चॉइस सेंटरवर एक गोष्ट विसरू नका: मिनिमाइझ करणे म्हणजे बंद करणे नव्हे. विंडो खाली गेली तरी तुमचे खाते उघडेच असते. आधी लॉग-आउट करा, मग विंडो बंद करा. पेन्शनच्या कामासाठी जाणाऱ्या आजी-आजोबांना हे जरूर सांगा.

ऑनलाइन बैठकीत पडदा दाखवताना ‘पूर्ण स्क्रीन’ऐवजी फक्त हवी ती विंडो निवडा. घरचे निरोप घरातच राहतील.

डोक्यातलेही रूळ मोकळे ठेवा

संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिले, की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. म्हणून दर तासाला एकदा टास्कबारकडे बघा आणि प्रत्येक विंडोला एकच प्रश्न विचारा: तुझे काम अजून बाकी आहे का? बाकी नसेल तर कंट्रोल + एस दाबून फाइल सेव्ह करा आणि ती विंडो बंद करा. आज रात्री संगणक बंद करण्याआधी एकदा करून बघा. किती विंडो उगाचच उघड्या होत्या ते कळेल.