शिबिर उठल्यावरचे गाव

वाशिम जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याच्या पदवीवर ज्या माणसाचे नाव छापलेले असते, त्याच्या हातात आयुष्यभर खराटा होता. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ सुरू झाले. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम हा त्याचा मुलूख. पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. शेंडगावच्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, गावोगाव केलेला दिनक्रम आजही विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे: गावात शिरल्याबरोबर रस्ते झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. आधी हात, मग तोंड.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे सगळे जिला ‘रासेयो’ किंवा ‘एनएसएस’ म्हणतात तिच्या, निवासी शिबिराचे वेळापत्रक काढून पाहा. पहाटे प्रार्थना आणि प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी घरभेटी, रात्री शाळेच्या पटांगणात सांस्कृतिक कार्यक्रम. योजना दिल्लीची असली तरी वऱ्हाडात तिचा दिवस गाडगेबाबांच्या दिवसासारखाच उगवतो आणि मावळतो. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी उभारलेला गुरुकुंज आश्रम आहे. त्यांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांना स्वतंत्र जागा आहे. समाजसेवा ही कल्पना इथल्या विद्यार्थ्याला बाहेरून आणून द्यावी लागत नाही. प्रश्न वेगळा आहे. सात दिवसांनी शिबिर उठते, सतरंज्या आणि भांडी टेम्पोत चढतात, त्यानंतर गावात काय उरते?

सक्ती की खुशी?

स्वतंत्र भारतात हा विचार राधाकृष्णन आयोगापासून (१९४८-४९) सुरू झाला. विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा करावी, पण स्वेच्छेने, असे आयोगाचे मत होते. दहा वर्षांनी चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच्या उलट टोक गाठले. विद्यापीठात जाण्यापूर्वी प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा केलीच पाहिजे, असे ती म्हणाली. १९६० मध्ये के. जी. सैयिदैन यांनी इतर देशांतले प्रयोग अभ्यासून पुन्हा ऐच्छिकतेकडे कौल दिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेचा काही तरी अंश असावा, अशी शिफारस केली. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांसह रासेयोचा प्रारंभ केला.

तिचा साचा ठरलेला आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर. शंभर स्वयंसेवकांचे एक पथक, त्यावर एक कार्यक्रम अधिकारी, एक दत्तक गाव आणि त्या गावात पन्नास जणांचे सात दिवसांचे विशेष शिबिर. पैशांची बाजू कायम तोकडी. अनेक वर्षे वर्षभराच्या कामासाठी एका स्वयंसेवकामागे २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये मिळत. ४५० ला सातने भागले की दिवसाला ६४ रुपये येतात, आणि त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता, मंडप, प्रवास सगळे बसवायचे. ते बसत असे ते गावामुळे. कुणी तूर डाळ देई, कुणी चुलीला लाकडे, एखाद्या दिवशी एखाद्या घरची पंगत. योजना सरकारची, पण तिला जेऊ गावाने घातले, ही गोष्ट अहवालांत फारशी येत नाही.

सक्तीचा मार्ग मेक्सिकोने घेतला. तिथे १९३६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांपासून सुरुवात झाली आणि आज पदवी हवी असेल तर किमान ४८० तासांची समाजसेवा करावीच लागते. आपल्या २४० तासांच्या बरोबर दुप्पट. आपल्याकडेही आता वारे त्याच दिशेने वळले आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयात क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग पदवीच्या चौकटीतच बसवले आहेत. तीस तासांच्या प्रत्यक्ष कामाला एक श्रेयांक. कालपर्यंत हौसेने किंवा प्रोत्साहनपर गुणांसाठी होणारे काम आता गुणपत्रिकेवर येते आहे. त्यामुळे ते वाढेल यात शंका नाही. ते खरे होईल की नुसते वहीत भरले जाईल, हे गावपातळीवरच ठरणार आहे.

हा जिल्हा आणि हा विद्यार्थी

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम सहा तालुक्यांचा जिल्हा आहे: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, त्यातले दर पाचांपैकी चौघे खेड्यात राहणारे. वाकाटकांची वत्सगुल्म ही राजधानी इथलीच, नृसिंह सरस्वतींचे कारंजा इथलेच, बंजारा समाजाची काशी मानली जाणारी पोहरादेवीही मानोरा तालुक्यातली. हा वारसा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली त्यांत वाशिम होता, आणि २०१८ मध्ये केंद्राने देशभरातून निवडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांतही महाराष्ट्रातले जे चार आले त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या जोडीला वाशिम होता.

वाशिमचे राजस्थान आर्य महाविद्यालय, रिसोडचे उत्तमचंद बगडिया महाविद्यालय, मंगरूळपीरचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय, कारंजाचे विद्याभारती महाविद्यालय अशा संस्थांच्या वर्गांत बसलेला विद्यार्थी बहुतेक करून खेड्यातूनच एसटीने आलेला असतो. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयाचे शिबिर खेड्यात जाते तेव्हा शहरी मुलांना शेत दिसते, हातात टिकाव येतो, आणि तेवढ्यानेही त्यांचे काही तरी भले होते. वाशिमच्या मुलाला वावर दाखवायची गरज नाही. त्याने सकाळी निघण्याआधी घरच्या जनावरांना चारा टाकलेला असतो. त्याच्याकडून सात दिवस पुन्हा फावडेच मारून घेतले, तर गावाला तो एक जास्तीचा मजूर मिळतो, तोही आठवड्यापुरता.

श्रमदान टाकाऊ आहे असे यातून निघत नाही. बाबा आमटे यांच्या प्रेरणेने सोमनाथला गेली पाच दशके मे महिन्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्राला कितीतरी कार्यकर्ते दिले. एका पंगतीत जेवणे, मुलांनी पोळ्या लाटणे, मुलींनी सात दिवस घराबाहेर राहून सभेत बोलायला शिकणे, जातीपातीचे मोहल्ले ओलांडून घरोघर जाणे, हे शिबिराचे खरे उत्पन्न आहे आणि ते विद्यार्थ्याच्या पदरात पडते. गावाच्या पदरात काय पडते, याचा हिशोब मात्र वेगळा मांडला पाहिजे.

काम आणि ऋतू

शिबिरे बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात, कारण तेव्हा हिवाळी परीक्षा आटोपलेल्या असतात. परीक्षेचे वेळापत्रक आणि शेतीचे वेळापत्रक यांची गाठ क्वचितच पडते.

वनराई बंधाऱ्याचेच पाहा. मोहन धारियांच्या ‘वनराई’ने रूढ केलेला हा बंधारा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वाहत्या नाल्यावर घालायचा असतो. नाला वाहता असतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यामागे अडायला पाणीच नसते. हिवाळ्यात लावलेल्या रोपाचेही तेच, उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार? उलट समतल चर, माती बांध, गाळ काढणे ही कामे कोरड्या दिवसांतलीच. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत कारंजा तालुक्यातली गावे उतरली तेव्हा काम उन्हाळ्यात झाले, आणि ते आधी शिकवून, मोजून, आराखडा करून झाले. शहरांतले ‘जलमित्र’ १ मे रोजी महाश्रमदानाला आले, तेव्हा कुठे खणायचे हे गावाने आधीच आखून ठेवलेले होते. पाहुण्याच्या हातांचा उपयोग होण्यासाठी यजमानाचा आराखडा तयार असावा लागतो.

वाशिमला पाण्याचे काम अधिक विचाराने करावे लागते. हा जिल्हा माथ्यावर वसलेला आहे. उत्तरेला जाणारी काटेपूर्णा पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळते, दक्षिणेची पैनगंगा वर्धेतून गोदावरी खोऱ्यात आणि बंगालच्या उपसागरात जाते. माथ्यावरचे पाणी दोन्हीकडे उतरून जाते आणि खाली काळा पाषाण, तो फार पाणी धरून ठेवत नाही. अशा ठिकाणी विहिरींच्या पातळीची नोंद सोन्यासारखी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. त्याच चार महिन्यांत एखाद्या दत्तक गावातल्या सगळ्या विहिरी दोन विद्यार्थ्यांनी मोजल्या तर? सामान म्हणजे वजन बांधलेली मोजपट्टी आणि वही. पंप सुरू होण्याआधी पहाटे मोजायचे, एवढे पथ्य. पाच वर्षांत त्या गावाकडे स्वतःच्या पाण्याचा असा हिशोब होईल, की रब्बीत हरभरा किती आणि गहू किती घ्यावा याचा वाद पारावर बसून आकड्यांनिशी घालता येईल.

बंजारा तांड्यांचीही अशीच गोष्ट. सर्वेक्षणाचे फॉर्म जानेवारीत भरले जातात. त्याच काळात तांड्यातली कित्येक घरे कुलूपबंद असतात, माणसे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा मोठ्या शहरांतल्या बांधकामांवर गेलेली असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना मोजून तांड्याचा अहवाल तयार होतो. हेच सर्वेक्षण पावसाळ्याच्या तोंडावर, गोरमाटी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी, नायक-कारभाऱ्यांना विचारून केले तर लसीकरण, रेशनकार्ड, शाळा सुटलेली मुले यांचे खरे चित्र हाती येईल. वाशिमच्या महाविद्यालयांत असे विद्यार्थी आहेत. त्यांची मातृभाषा हीच तिथली सर्वांत मोठी पात्रता आहे.

गाव धरून ठेवणारे

रासेयोच्या बाहेरही काही पद्धती आहेत आणि त्या जास्त वेळ गाव धरून ठेवतात. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी खरीप हंगामात गावात राहतात. लोक त्यांना ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणतात. प्रत्येकाला यजमान शेतकरी नेमून दिलेला असतो. सोयाबीनच्या या जिल्ह्यात त्यांचे सर्वांत उपयोगी काम अगदी साधे आहे: घरच्या बियाण्याची उगवणक्षमता तपासणे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून ओलावा राखायचा, आठवडाभराने मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचे प्रमाण, कमी असेल तर बियाणे वाढवायचे किंवा बदलायचे. सोयाबीनचे टरफल नाजूक, मळणीयंत्रात दाणा फुटतो, त्यामुळे ही चाचणी चुकवली तर दुबार पेरणी ओढवते. रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रासारखी संस्था जवळ असल्यावर कृषी शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही हे एका दुपारी शिकता येईल.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची रीत आणखी वेगळी. वाशिमच्या रामराव सरनाईक समाजकार्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. आठवड्यातले ठरलेले दिवस त्याच वस्तीत जायचे, अहवाल लिहायचा, मार्गदर्शकापुढे बसायचे. आणि सर्वांत नवी संधी वैद्यकीय शाखेची. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच वेळी उद्घाटन झालेल्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांत वाशिमचेही आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घेऊन अभ्यासक्रम संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा, असा नियम आता देशभर आहे. याशिवाय ‘उन्नत भारत अभियाना’त सहभागी संस्थेने किमान पाच गावे निवडायची असतात.

म्हणजे संधी भरपूर आहेत. फक्त त्या एकमेकींना ओळखत नाहीत. एका गावात रासेयोचे शिबिर होऊन जाते, दुसऱ्यात कृषिदूत राहतात, तिसऱ्यात समाजकार्याचे विद्यार्थी जातात, आणि प्रत्येक जण पहिल्यापासून तेच सर्वेक्षण करतो. गावकरी तीच उत्तरे तिसऱ्यांदा देतात. भरलेले फॉर्म महाविद्यालयाच्या कपाटात जातात, ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यांची एक प्रतही नसते.

ग्रामसभेपुढे

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयांनी मिळून मोजकी गावे निवडावीत आणि ती पाच वर्षे सोडू नयेत. काम कोणते हे ग्रामसभेने सांगावे. झालेल्या कामाचा आणि सर्वेक्षणाचा अहवाल विद्यार्थ्यांनीच २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून वाचावा. शिबिरांचा हंगाम आणि ती ग्रामसभा जवळजवळ एकाच वेळी येतात, हा योग वाया का घालवायचा? लोकांसमोर आपली आकडेवारी वाचताना विद्यार्थ्याची जी परीक्षा होते, ती कोणत्याही तोंडी परीक्षेपेक्षा कडक असते. श्रेयांक देताना त्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागावी. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, वित्त आयोगाचा निधी, सातबारा, पीकविम्याचा अर्ज ही कागदपत्रे वाचता येणारा तरुण गावाला हवा आहे. महाविद्यालयाने गावाला द्यायची खरी वस्तू हीच.

दिवाळीच्या सुट्या लागतात तेव्हा वाशिमचा विद्यार्थी शिबिराच्या नव्हे, स्वतःच्याच गावात असतो. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतींचे पुढच्या वर्षाचे आराखडे तयार होऊ लागतात आणि नाल्यांना अजून थोडे पाणी असते. त्याने ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावाचा आराखडा मागावा, वाचावा, घरच्यांना वाचून दाखवावा, आणि गावातल्या विहिरींची पातळी एका वहीत लिहायला सुरुवात करावी. त्यासाठी शिबिराची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि प्राध्यापकांनी सुटी संपल्यावर पहिल्या तासाला ती वही मागावी.