नोरीचे पाकीट घेताना

कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलींनी 'गिम्बाप' हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणला आहे. माझी भाची कतारहून आली तेव्हा तिच्या बॅगेत नोरीची दोन पाकिटे होती. आत काळपट-हिरवे, कागदासारखे कुरकुरीत चौकोन. अम्मींनी एक तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे खायचं, की वहीला कव्हर घालायचं?"

हे समुद्री शेवाळ. जपानमध्ये नोरी, कोरियात गिम. बारीक चिरून, पाण्यात कालवून, चौकटीवर पातळ पसरून ते वाळवतात. नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की ईदच्या पुडिंगमध्ये आपण घालतो तो चायना ग्रासही शेवाळातूनच निघतो.

पाकिटावर 'प्रथिनांनी भरपूर' असे छापलेले असते. वाळलेल्या नोरीत वजनाच्या मानाने प्रथिने पुष्कळ, हे खरे. पण एक पूर्ण पान जेमतेम 3 ग्रॅमचे. त्यातून मिळणार सुमारे 1 ग्रॅम! वाटीभर डाळीची सर त्याला नाही. आयोडीन मात्र चांगले मिळते. मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम पुरते. सूपसाठी वापरतात त्या कोम्बू नावाच्या जाड शेवाळात ते नोरीच्या कितीतरी पट असते. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच ही शेवाळे खावीत.

आता हलालचा प्रश्न. साध्या भाजलेल्या नोरीत शेवाळाखेरीज काही नसते. मसाला लावलेल्या जपानी पद्धतीच्या नोरीत मात्र सोया सॉस आणि साखरेबरोबर 'मिरिन' असू शकते. मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू. अस्सल मिरिनमध्ये सुमारे 14 टक्के अल्कोहोल असते. भाचीच्या एका पाकिटावर बारीक अक्षरांत नेमके तेच निघाले. बिचारीने वाचलेच नव्हते. बाहेरच्या गिम्बापमध्ये डुकराचे हॅमही सर्रास घालतात.

घरी करायचे तर पान मंद तव्यावर काही सेकंद शेकावे. रंग हिरवा होतो. कोमट भाताला मीठ व तिळाचे तेल चोळून तो पानावर पसरावा. वर काकडी, गाजर, ऑम्लेटच्या पट्ट्या, किंवा अगदी कोरडा खिमा. गच्च गुंडाळून तेल लावलेल्या सुरीने कापावे आणि लगेच खावे, नाहीतर पान चिवट होते. उरलेली पाने हवाबंद डब्यात ठेवावीत.

अम्मींनी मात्र आपले पान खिचडीवर चुरडले आणि वर लिंबू पिळले.