गाजर गवत आणि त्वचेची स्मृती

पावसाळ्याचे पहिले शिंतोडे पडले, की नीरा डाव्या कालव्याच्या काठाने, उसाच्या बांधांवर आणि बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा गाजर गवत माजू लागते. मूळच्या अमेरिका खंडातील या वनस्पतीचा उपद्रव १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम ध्यानात आला. तिच्यामुळे होणाऱ्या इसबाची नोंद पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकातच केली. तरीही खुरपणी करणाऱ्या बाईच्या पापण्या सुजल्या, मान व कोपराच्या घड्या लाल होऊन पाझरू लागल्या, की ‘रक्त बिघडले’ असेच आजही म्हटले जाते.

हे निदान अगदीच खोटे नाही, हा यातील गमतीचा भाग. गवतातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेतील प्रथिनांना चिकटते. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ते जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तेथे टी-पेशी या शत्रूची ओळख करून घेतात. शिकून तयार झालेल्या या पेशींच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट रेणू उमटतो. तो म्हणजे जणू त्वचेचा पत्ताच. रक्तातून हिंडताना त्वचेतील सूक्ष्म वाहिन्यांच्या अस्तराला त्या नेमक्या तेथे अडकतात आणि बाहेर पडून दाह माजवितात. म्हणूनच गवताचा स्पर्श आज आणि खाज एकदोन दिवसांनी, असे घडते. दाह शमला तरी यांतील काही पेशी त्वचेतच वस्ती करून राहतात. निरोगी माणसाच्या त्वचेत रक्तातल्याच्या जवळजवळ दुप्पट टी-पेशी असतात, असा अंदाज आहे.

दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले स्टेरॉइडचे मलम दाह दाबते; ही स्मृती पुसत नाही. उलट, दीर्घकाळ चोळल्यास कातडी पातळ होते. एकदा ओळख पटलेल्या माणसाला वाऱ्याने उडालेला वाळक्या पानांचा भुगाही पुरतो. अशा वेळी ‘गवतापासून दूर राहा’ हा सल्ला ज्याचे पोटच बांधावर भरते त्याला देणे सोपे आहे, पाळणे नव्हे.

तेव्हा गवताचे निर्मूलन हे एकट्या शेतकऱ्याचे काम मानून चालणार नाही. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि एकेक झाड हजारोंनी बी टाकते. कालव्याची व रस्त्याची कडा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी ती फुलोऱ्यापूर्वी साफ केली पाहिजे. उपटलेले गवत तेथेच वाळत पडू देऊ नये. आणि उपटणाऱ्या मजुरांना रबरी हातमोजे व अंग-तोंड झाकण्याची साधने मजुरीव्यतिरिक्त द्यावीत. ज्यांना एकदा इसब झाले आहे, त्यांना मात्र या कामावर मुळीच धाडू नये.